पडद्याचं कापड आणि निळ्या हातांचा माणूस

घराला रंग लागतो, पंखे फिरू लागतात, गॅसचा ओटा पुसून लख्ख होतो आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं, पडदे राहिले! पडद्यांची पाळी नेहमी शेवटी. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि उत्साहही. मग बाजारात जायचं, दुकानदारानं पुढ्यात टाकलेल्या थप्पीतलं सोफ्याला जुळेल असं काहीतरी उचलायचं आणि खिडकीचं माप अंदाजानं हातानंच दाखवायचं. इतकी वीत रुंद, इतकी उंच!

मी ज्या बचत गटांबरोबर काम करते, त्यातल्या एका गटाच्या बायका गेली काही वर्षं पडदे शिवून देतात. त्यांच्यासोबत घरोघरी मापं घ्यायला जाताना पडदा या गोष्टीत किती विचार दडलेला असतो ते मला हळूहळू कळत गेलं. आणि त्याच ओघात एक जुनं नाव नव्यानं भेटलं, विल्यम मॉरिस. बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय होतं, तेव्हा एकोणिसाव्या शतकातला एक कवी म्हणून ते ओझरतं कानावरून गेलं होतं. पण या कवीनं आयुष्याचा मोठा भाग पडद्यांची कापडं रंगवण्यात, विणण्यात आणि छापण्यात घालवला, हे काही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

मॉरिसचा जन्म 24 मार्च 1834 रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो इथला. वडील हुंड्यांच्या दलालीत होते आणि खाणीच्या शेअर्समुळे घरात भरपूर पैसा आला होता. जवळच एपिंगचं जंगल, त्यात हा मुलगा दिवसदिवस भटकायचा. त्या जंगलात राणी एलिझाबेथच्या नावानं ओळखलं जाणारं एक जुनं शिकारघर होतं. तिथल्या एका खोलीच्या भिंतींवर विटक्या हिरव्या रंगाचे, पानाफुलांचे जुने पडदे टांगलेले होते. लहानपणी पाहिलेली ती खोली मॉरिस कधीच विसरला नाही. पुढे पन्नाशीकडे झुकल्यावरही एका व्याख्यानात त्यानं तिची आठवण सांगितली. घरातल्या कापडाचा मुलांच्या मनावर असा ठसा उमटतो, बघा. आपल्यापैकी कितीजणींना आजीच्या घरातल्या पडद्याचं फूल अजून डोळ्यासमोर आणता येईल!

तो तेरा वर्षांचा असताना वडील गेले. पाद्री व्हायचं म्हणून तो ऑक्सफर्डला शिकायला गेला, तिथं एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा मित्र मिळाला आणि दोघांनीही पाद्री होण्याचा बेत सोडून दिला. मॉरिसनं काही महिने एका वास्तुविशारदाकडे काम केलं, मग चित्रं काढायला घेतली. दोघा मित्रांनी लंडनमध्ये खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा बाजारात मिळणारं सामान मॉरिसला मुळीच पसंत पडेना. त्यानं भरतकामाची चौकट करून घेतली, लोकर रंगवून आणली आणि स्वतः सुई हातात धरली. टाके घालायला शिकला, आणि शिकलेलं घरकाम सांभाळणाऱ्या मेरी निकल्सनला शिकवलं. ती बाई इतकी तरबेज झाली, की त्याचे पडदे तीच भरू लागली. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा श्रीमंत घरातला तरुण सुई-दोरा घेऊन बसतो, ही गोष्ट मी आमच्या गटात सांगितली, तेव्हा बायका आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या.

1859 साली त्याचं लग्न जेन बर्डनशी झालं. जेन ऑक्सफर्डच्या एका तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी. पैशाचं, शिक्षणाचं अंतर मोठं होतं, तरी मॉरिसनं ते मानलं नाही. फिलिप वेब या मित्रानं त्यांच्यासाठी बेक्सलीहीथ इथं लाल विटांचं घर बांधलं, ते रेड हाउस. घर झालं, पण आत काय ठेवायचं? दुकानातलं यंत्रावर बनलेलं, नक्षीनं बरबटलेलं सामान नको होतं. मग नवरा-बायको आणि मित्रमंडळी मिळून सगळं घरीच करू लागली.

या घराच्या पहिल्या पडद्यांची गोष्ट मला फार आवडते. लंडनच्या एका दुकानात जेनला निळीत रंगवलेल्या जाड लोकरी कापडाचा एक तुकडा योगायोगानं दिसला. तिनं तो उचलला आणि घरी आणला. मॉरिसला तो बघून इतका आनंद झाला, की त्यानं लगेच त्यावर फुलं काढायला सुरुवात केली. डेझीची साधी, झुपकेदार फुलं. मग जेननं आणि घरातल्या इतर बायकांनी ती भरली. टाके शिकायला गुरू कुणी नव्हता. म्हणून जुन्या भरतकामाचे तुकडे आणून ते उसवायचे, टाका कुठून शिरला आणि कुठं निघाला ते बघायचं, असं त्या दोघांनी शिकून घेतलं. आपल्याकडच्या कित्येकजणींनी जुनं ब्लाउज उसवून कटिंग शिकलेलं असतं, तसंच हे! झोपण्याच्या खोलीच्या भिंतींवर टांगलेले ते डेझीचे पडदे आजही केल्मस्कॉट या गावातल्या त्यांच्या घरात जपून ठेवलेले आहेत. मॉरिसच्या नावावर जमा असलेल्या या पहिल्या मोठ्या कामातलं कापड निवडलं होतं ते त्याच्या बायकोनं.

या घरच्या उद्योगातूनच 1861 साली सात भागीदारांची कंपनी निघाली. काचा, फरशा, लाकडी सामान, भिंतीचे कागद, भरतकाम असं सगळं ती करू लागली. भागीदारांत सगळे पुरुष, पण फरशा रंगवायला आणि भरतकाम करायला मित्रांच्या बहिणी, बायका आणि मेहुण्या होत्या. धंदा वाढला, तसं मॉरिसचं आजारपण आणि रोजचा लंडनचा प्रवास यामुळे 1865 साली ते आवडतं रेड हाउस सोडावं लागलं. पुढे 1875 साली कंपनी एकट्या मॉरिसच्या मालकीची झाली.

संसारातही सगळं गोड नव्हतं. जेन आणि चित्रकार रोझेटी यांच्यात जवळीक निर्माण झाली. मॉरिसला ते ठाऊक होतं. 1871 साली त्यानं आणि रोझेटीनं मिळून केल्मस्कॉटचं जुनं दगडी घर भाड्यानं घेतलं आणि स्वतः मॉरिस त्या उन्हाळ्यात आइसलँडच्या सफरीवर निघून गेला. भांडण नाही, गाजावाजा नाही. 1876 साली थोरली मुलगी जेनी, जेमतेम पंधरा वर्षांची, तिला फिट्स येऊ लागल्या. हुशार मुलगी, पण शिक्षण थांबलं. ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांना त्या घराचे दिवस कसे जात असतील ते सांगायला नको. मॉरिस तिला जपायचा, लांब असला की प्रेमळ पत्रं लिहायचा.

याच वर्षांत हा माणूस रंगाच्या मागे लागला होता. कारण सरळ होतं. 1856 साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलानं प्रयोगशाळेत जांभळा रंग तयार केला आणि नंतर रासायनिक रंगांचा पूर आला. रंग भडक, स्वस्त, पण त्यातले बरेच उन्हात विटायचे आणि विटले की फार वाईट दिसायचे. पडदा हे तर घरातलं सगळ्यात जास्त ऊन खाणारं कापड! मॉरिसचं म्हणणं असं, की रंग कधी ना कधी उतरणारच, पण उतरतानाही तो देखणा राहिला पाहिजे. बाजारातल्या रंगाऱ्यांकडून त्याला हवं ते मिळेना. 1873 साली त्यानं ट्यूलिप आणि विलोच्या पानांची एक नक्षी काढली होती. छापणाऱ्यानं ती वेगळ्याच निळ्या रंगात छापून दिली. मॉरिसनं ती बाजूला ठेवली. पुढे मनासारखी नीळ साधली, तेव्हा 1883 साली ती नक्षी त्याला हवी तशी उतरली. एका कापडासाठी दहा वर्षं थांबला!

ही नीळ साधायला तो लीक नावाच्या गावी थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे गेला. तेव्हा त्यानं चाळिशी ओलांडलेली होती. कंपनीचा मालक, नावाजलेला कवी, पण तिथं अंगरखा घालून शिकाऊ पोरासारखा रंगाच्या हौदावर उभा राहायचा. जुन्या वनस्पतींच्या पोथ्या वाचायचा. निळीसाठी नीळ, तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या जातीतली मुळं, पिवळ्यासाठी वेल्ड नावाचं रोप, तपकिरीसाठी अक्रोडाची सालं. निळीचा हौद उबदार ठेवावा लागतो, आंबवावा लागतो, त्याची मर्जी सांभाळावी लागते. कापड आत बुडवून बाहेर काढलं की आधी हिरवट-पिवळं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. मॉरिसचे हात कोपरापर्यंत निळे झालेले असत. ते धुऊनही जात नसत, आणि तशाच हातांनी तो लोकांकडे जेवायला जाई.

या निळीशी आपलं नातं आहे. त्या काळी युरोपात वापरली जाणारी बरीचशी नीळ हिंदुस्थानातून जात होती, आणि ती पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे हाल काय होते ते चंपारणच्या इतिहासातून आपल्याला माहीत आहे. पडद्यांसाठीच्या छापील सुती कापडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात, तोही शब्द आपल्याच छींटचा. आपल्या आज्या चिटाचं परकर-पोलकं म्हणायच्या, ते हेच. आणि मॉरिसचा गुरू वॉर्डल आपल्या टसर रेशमावर रंग चढवण्यासाठीच ओळखला जाई. 1879 साली बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात मॉरिसनं इंग्रजांच्या राज्यात आणि व्यापारात हिंदुस्थानी कारागिरी कशी मरते आहे हे स्पष्ट सांगितलं. तुरुंगांतून कैद्यांकडून स्वस्तात गालिचे विणून घेऊन सरकारच या कलेचा गळा घोटतं आहे, अशी त्याची तक्रार होती. साहेबांच्या देशात राहून असं बोलायला धैर्य लागतं.

1878 साली मॉरिस कुटुंब लंडनच्या हॅमरस्मिथ भागात नदीकाठच्या घरात राहायला गेलं. तिथल्या दिवाणखान्यासाठी त्यानं जाड दुहेरी विणीचं लोकरी कापड विणलं, त्यावर पक्ष्यांच्या जोड्या. हे कापड भिंतीवर ताणून न बसवता पडद्यासारखं, चुण्या पडतील असं टांगलं. सपाट मेजावर पसरलेलं कापड आणि चुण्यांत लोंबणारं कापड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुणीत अर्धा पक्षी लपतो, अर्धा दिसतो, उजेड वर बसतो आणि सावली खाली. दुकानात कापड पसरून बघणाऱ्या आपण हेच विसरतो. म्हणून आमच्या गटातल्या बायका गिऱ्हाइकाला सांगतात, कापड हातात गोळा करून, चुण्या घालून, उजेडासमोर धरून बघा, मगच ठरवा.

मापाचंही तेच. माप घ्यायचं ते खिडकीचं नाही, रॉडचं. रॉड चौकटीच्या वर चार-सहा इंच आणि दोन्ही बाजूंना पाच-सहा इंच बाहेर गेलेला असावा, म्हणजे पडदा सरकवला की खिडकी पूर्ण मोकळी होते. समजा रॉड पाच फुटांचा, म्हणजे 60 इंच. चुण्यांसाठी कापड निदान दुप्पट हवं, म्हणजे 120 इंच. कापडाचा पन्हा 48 इंच असेल तर अडीच पन्हे होतात, पण अर्धा पन्हा सांभाळत बसण्यापेक्षा पूर्ण तीन घ्यावेत. दोन्ही पडद्यांना दीड-दीड पन्हा येतो. आता उंची. रॉडपासून जमिनीच्या अर्धा इंच वरपर्यंत 84 इंच भरली, वरच्या आणि खालच्या दुमडीसाठी 9 इंच धरले, की झाले 93. साध्या कापडाला हे पुरेल. पण मोठी नक्षी असेल आणि ती दर 24 इंचांनी पुन्हा येत असेल, तर प्रत्येक पन्हा 96 इंचांचाच कापावा लागतो, नाहीतर जोडावर एका पक्ष्याचं डोकं आणि दुसऱ्याची शेपटी येते! तीन पन्हे मिळून 288 इंच, म्हणजे सव्वासात मीटरपेक्षा थोडं जास्त. साडेसात मीटर घ्यावं. सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापावं, आणि आटण्यासाठी थोडं जास्त धरावं. दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावावं, रंगाचं आयुष्य वाढतं. हे सगळं सातवी शिकलेली बाई कागदावर मांडते आणि बिनचूक कापते, तेव्हा मला तिचा अभिमान वाटतो.

परत मॉरिसकडे येते. 1881 साली त्यानं लंडनजवळ मर्टन ॲबी इथं वँडल नदीच्या काठी कारखाना काढला. जुन्या इमारती, झाडं, नदीच्या पाण्यात कापड धुवायचं आणि गवतावर वाळत घालायचं. लाकडी ठशांनी हातानं छपाई. इथंच 1883 साली त्याचं सगळ्यात प्रसिद्ध कापड तयार झालं, त्याचं नाव स्ट्रॉबेरी थीफ, म्हणजे स्ट्रॉबेरीचोर. केल्मस्कॉटच्या परसात पक्षी येऊन पिकलेल्या स्ट्रॉबेऱ्या पळवायचे, तेच कापडावर आले. आधी सगळं कापड निळीत बुडवायचं, मग नक्षीपुरता निळा रंग ठशानं उडवायचा, मग मोकळ्या जागी लाल आणि पिवळा चढवायचा. एकेका कापडाला कित्येक दिवस लागत. साहजिकच ते कंपनीच्या सगळ्यात महागड्या छापील कापडांपैकी एक ठरलं.

आणि इथंच त्याच्या आयुष्यातली खरी ठसठस होती. सुंदर घर हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं तो म्हणायचा. पण हातानं केलेली वस्तू महाग पडते, ती श्रीमंतच घेतात. एका कारखानदाराच्या बंगल्याची सजावट करताना तो रागानं येरझारा घालू लागला आणि कारण विचारल्यावर, आपलं आयुष्य श्रीमंतांचे चोचले पुरवण्यात चाललं आहे, असं म्हणाला, असं सांगतात. ज्या 1883 साली ते महागडं कापड बाजारात आलं, त्याच वर्षी तो कामगारांच्या समाजवादी चळवळीत शिरला. रस्त्याच्या कोपऱ्यांवर भाषणं केली, पत्रकं विकली, त्यात पैसा आणि तब्येत दोन्ही घातलं.

त्याचे पायही मातीचे होते, हेही सांगायला हवं. ज्या खाणीच्या पैशावर त्याचं घर वाढलं, तिथून तांब्याबरोबर सोमल, म्हणजे आर्सेनिक निघे. मॉरिस 1875 पर्यंत त्या कंपनीचा संचालक होता. त्याच्या सुरुवातीच्या भिंतीच्या कागदांवरच्या हिरव्या रंगातही सोमल होता आणि त्याच्या धोक्याची ओरड त्यानं फारशी मनावर घेतली नाही. कामगारांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या माणसाला खाणीतले कामगार मात्र उशिरा दिसले. स्वतःच्या मर्टन ॲबीत त्यानं इतरांपेक्षा बरी मजुरी आणि हवेशीर जागा दिली, पण एवढ्यानं जग बदलत नाही हे त्याला ठाऊक होतं.

धाकटी मुलगी मे. आईकडून सुई आणि वडिलांकडून नजर घेऊन आलेली. 1885 साली, तेवीस वर्षांची असताना, तिच्यावर कंपनीचा भरतकाम विभाग सोपवला गेला. नमुने काढायचे, बायकांना शिकवायचं, हिशेब ठेवायचे, अंदाजपत्रकं द्यायची, सगळं तीच करी. तिचं काम कित्येक वर्षं वडिलांच्या नावानंच ओळखलं गेलं. त्या काळच्या कारागिरांच्या मंडळात बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून 1907 साली तिनं इतर कलावंत बायकांबरोबर स्त्रियांचं वेगळं मंडळ उभं केलं. 1938 साली ती गेली.

विल्यम मॉरिस 3 ऑक्टोबर 1896 रोजी हॅमरस्मिथच्या घरी गेला. वय 62. केल्मस्कॉटच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. शवपेटी शेतावरच्या गाडीतून नेली, गाडी पानांनी सजवली होती. कंपनी 1940 साली बंद पडली, पण नक्षी राहिली. ते स्ट्रॉबेरीचोर पक्षी आज यंत्रावर छापून उशांच्या अभ्र्यांवर, पिशव्यांवर, कपांवर जगभर विकले जातात. महागड्या ठशांच्या कापडापाशी जे पोचू शकले नसते, त्यांच्याही घरी ते गेले. मॉरिसला याचा आनंद झाला असता की यंत्राचा राग आला असता, मला ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही.

केल्मस्कॉटच्या घरात एक जुना ओकचा पलंग आहे. थंडीत झोपणाऱ्याला वारा लागू नये म्हणून त्याला चहूबाजूंनी पडदे. मॉरिसच्या शेवटच्या वर्षांत हे पडदे मेनं आणि तिच्या हाताखालच्या मुलींनी भरले. वरच्या झालरीवर मॉरिसनं त्या पलंगासाठी लिहिलेली कविता टाक्यांत उतरवली. पलंगपोस जेननं भरला. ज्या नवरा-बायकोत इतकं काही घडून गेलं होतं, त्यांच्या घरात हे काम झालं.

मैत्रिणींनो, तुमच्या खिडकीला हातछपाईचं महागडं कापड हवंच असं मी म्हणणार नाही. आठवडे बाजारातलं साधं खादीचं किंवा मांजरपाटाचं कापडही सुरेख पडतं. पण या वेळी घाई करू नका. रॉड मोजा, कापड उजेडात धरून बघा, आणि ते कुठून आलं, कुणी विणलं, कोण शिवणार आहे, तिला काय मिळणार आहे, एवढं दुकानात विचारून बघा. उत्तर मिळेलच असं नाही. तरी विचारा.